मूलदेवीय शब्दकोडं: रचताना आणि इतरांनी सोडवताना केलेल्या नोंदी

१४ जून २०२५

वाचनालयातल्या शब्दकोडे-गटासाठी गणेशोत्सवात एक अवघड कोडं लावायचं ठरलं आहे. अट एकच: क्लू क्रिप्टिक हवेत, म्हणजे वाक्य वरवर एक सांगतं आणि उत्तर त्यातल्या शब्दखेळात दडलेलं असतं, आणि कोड्यात एक गुप्तलिपी हवी. मराठीत असं काही रचायला बसणाऱ्या पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

सुरुवात प्लेफेअरपासून केली. इंग्रजी क्रिप्टिकवाल्यांची ही लाडकी लिपी. चार्ल्स व्हीट्स्टनने ती १८५४ मध्ये तयार केली, नाव मात्र तिचा पुरस्कार करणाऱ्या लॉर्ड प्लेफेअरचं लागलं. ५×५ चा चौरस, २५ अक्षरं, आणि अक्षरांच्या जोड्या करून बदल. आपल्याकडे क ते म अशी वर्गीय व्यंजनं नेमकी २५ आहेत, पाच ओळी पाच रकाने, त्यामुळे मोह झाला. काना-मात्रा जागच्या जागी ठेवायच्या आणि फक्त व्यंजन बदलायचं, असं धरलं. ‘पान’चं ‘मात’ झालं तेव्हा वाटलं, जमलं.

मग ‘कान’ घेतला. त्याचं ‘ङात’ झालं. ङ आणि ञ या चौरसात सारखे डोकं वर काढतात आणि मराठीत एकटा ङ असलेला शब्द आडवा लावायला मिळत नाही. शिवाय य, र, ल, व, श, स, ह, ळ बाहेरच राहतात. ही आठ अक्षरं टाळून कोडं रचायचं म्हणजे मराठीतले निम्मे रोजचे शब्द सोडून द्यायचे. मागचा शनिवार-रविवार यात गेला. प्लेफेअर बाजूला.

१७ जून

इंग्लंडमधल्या स्लावला राहणाऱ्या मावसभावाशी बोलले. तो ‘लिसनर’ सोडवतो. १९३० मध्ये बीबीसीच्या साप्ताहिकात सुरू झालेलं आणि १९९१ पासून ‘द टाइम्स’मध्ये शनिवारी येणारं हे कोडं. त्याचं म्हणणं: “ताई, लिपी किती कठीण आहे याला महत्त्व नाही. मला ती चौकटीतूनच सापडायला हवी. आणि सापडली की ‘हीच’ अशी खात्रीही चौकटीनेच द्यायला हवी.” हे वाक्य कागदाच्या वर लिहून ठेवलं आहे.

मूलदेवीय घ्यायचं ठरलं. कामसूत्रातल्या ६४ कलांत म्लेच्छितविकल्प, म्हणजे गुप्तलिपीत लिहिण्याची कला, येतो, आणि यशोधराच्या जयमंगला टीकेत त्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यातला हा एक. दहा जोड्या, एकमेकांत अदलाबदल:

अ–क, ख–ग, घ–ङ, च–ट, त–प, ञ–ण, न–म, र–ष, ल–स, य–श.

बाकीची अक्षरं जशीच्या तशी. किल्ली लागत नाही, चौरस लागत नाही, पाठ करायला पाच मिनिटं.

२२ जून

रचनेचा नियम पक्का केला. आडवे शब्द सरळ लिहायचे. उभे शब्द आधी सोडवायचे, मग मूलदेवीयातून बदलून लिहायचे. म्हणजे आडवा-उभा जिथे छेदतात तिथे सोडवणाऱ्याचं उत्तर अडतं: आडव्यात ‘न’ आहे, उभ्यात ‘म’ हवा. अशा अडण्यातूनच जोड्या हाती लागायच्या.

शब्द गोळा करताना आनंद झाला. या लिपीत मराठीचे कितीतरी शब्द बदलूनही शब्दच राहतात. मामा–नाना, सल–लस, माळ–नाळ, गाल–खास, ताट–पाच, पोट–तोच, वाट–वाच, खत–गप. एका संध्याकाळी वहीचं पान भरलं. हे सगळे कोड्यात घालायचे असं ठरवून टाकलं. (पुढे याच जोड्यांनी सगळ्यात जास्त त्रास दिला, खाली ६ जुलैची नोंद पाहा.)

२९ जून

चौकट भरताना अडलेल्या गोष्टी, ज्या आधी कळल्या असत्या तर बरेच रविवार वाचले असते:

‘र’. मराठीत तो पदोपदी येतो. पण र–ष जोडीमुळे छेदणाऱ्या घरात आडवा ‘र’ आला की उभ्यात ‘ष’ हवा, आणि उभ्यात ‘र’ आला की आडव्यात ‘ष’. ‘ष’चे शब्द मोजके. ‘भाषा’ आडवा ठेवून ‘षा’ वरून ‘राग’ उभा सोडला (षाख), एवढी एक जागा चांगली जमली. बाकी प्रत्येक ‘र’ न छेदणाऱ्या घरात ढकलावा लागला.

‘ण’. त्याचा ‘ञ’ होतो. म्हणजे छेदणाऱ्या घरात ‘ण’ बंदच. पाणी, ठाणे, पाळणा, वेणी सगळे गेले. घ–ङ जोडीही याच कारणाने चौकटीत कुठेच आली नाही.

‘क’. क–अ ठीक, का–आ समजून घेता येतं. पण ‘की’चं काय करायचं? ‘ई’ म्हणायचं तर ‘ई’ला परत ‘की’ करताना सोडवणारा बिचकतो. ‘क्त’, ‘क्र’ अशा जोडाक्षरांना तर उत्तरच नाही, कारण ‘अ’ कोणाला जोडता येत नाही. उभ्या शब्दांत फक्त ‘क’ आणि ‘का’ चालेल, असं ठरवलं.

आणि संगणक. एका घरात एक अक्षर, मात्रा-जोडाक्षरांसकट, हा आपला नेहमीचा नियम. स्प्रेडशीटला ते कळत नाही. ‘षटकार’ आपण चार घरांत लिहितो, सूत्र त्याची लांबी ५ सांगतं, कारण काना ते वेगळा मोजतं. घरांची मोजणी त्याच्यावर सोपवली होती, ती सगळी पुन्हा हाताने केली. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुनी साधनं ‘स्त’चे दोन तुकडे करतात. सोपा उपाय: आलेखाचा कागद आणि पेन्सिल. वही ४० रुपये.

६ जुलै

आज आषाढी, सुट्टी. पहिला मसुदा चौघांना दिला: रत्नागिरीच्या निवृत्त मराठी शिक्षिका (आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो), अमरावतीचे काका, सोसायटीतला इंजिनिअरिंगचा मुलगा आणि स्लावचा भाऊ. झेरॉक्स २ रुपये पान, बाईंना आणि काकांना टपालाने. वरची सूचना मुद्दाम त्रोटक ठेवली: ‘काही शब्द लिहिण्यापूर्वी वेश पालटतात.’ शीर्षक दिलं ‘गुप्त पोथी’.

१३ जुलै

प्रतिक्रिया आल्या. लिहून घेतल्या तशा देते.

बाईंनी क्लू भराभर सोडवले. ‘परवा नरसोबाच्या वाडीत दडलेले माकड (३)’ यातला वानर (पर-वा नर-सोबा) त्यांना वाचताक्षणी दिसला. ‘उलटे वाचले तरी जुने होत नाही (३)’ म्हणजे नवीन, यावर त्यांनी फोन केला, इतका आवडला. मग मात्र उभा ‘मामा’ आडव्याशी जुळेना तेव्हा त्यांनी बरोबर आलेलं उत्तर खोडून तिथे ‘नाना’ केलं आणि क्लू कसाबसा नानांना बसवला. ‘सल’ खोडून ‘लस’. ‘गाल’ खोडून ‘खास’. चौकट जवळपास पूर्ण भरली, लिपीचा पत्ता नाही. त्या म्हणाल्या, “मला वाटलं माझंच चुकतंय. तुझं कोडं वेश पालटतंय हे मला दिसणार कसं? पालटल्यावरही सगळे ओळखीचेच चेहरे आहेत.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बदललेला शब्दही खरा असला की सोडवणाऱ्याला काहीतरी घडलंय हेच कळत नाही. त्याचा संशय स्वतःवर जातो. रचणाऱ्याला या जोड्या सुंदर वाटतात, पण सोडवणाऱ्याला आधी एक धडधडीत निरर्थक शब्द दिसायला हवा.

काकांनी शीर्षक पाहिलं आणि थेट महानुभावांच्या सकळ लिपीकडे गेले. महानुभावांचं रिद्धपूर त्यांच्याच जिल्ह्यात, पोथ्यांचा त्यांना जिव्हाळा. सकळ लिपीतही अक्षरांची अदलाबदल आहे, त्यामुळे त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. वाचनालयातून पुस्तक आणून त्या तक्त्याने त्यांनी दोन संध्याकाळी प्रयत्न केला आणि मग चिडून कोडं घडी करून ठेवलं. “शीर्षकानं मला भलत्या गावाला नेलं,” म्हणाले.

मुलाने प्रोग्रॅम लिहिला. अक्षरांची वारंवारता मोजून लिपी फोडायची, असा बेत. उभ्या शब्दांची सगळी मिळून घरं शंभरसुद्धा नाहीत, त्यात वारंवारतेतून काय निघणार? पण त्याने एक कामाची गोष्ट सांगितली: ‘षटकार’चं ‘रचआष’ झालेलं त्याला चुकीचं छापलंय असं वाटलं. शब्दाच्या मध्ये ‘आ’ आला की मराठी डोळा तिथे छपाईची चूक वाचतो.

भावाने सगळं सोडवलं, पण पत्र लांबलचक. शेवटी रंगवलेल्या घरांत ‘नूसदेव’ उरतं आणि ते उलगडलं की ‘मूलदेव’ (ज्याच्या नावावरून ही लिपी ओळखली जाते तो) येतं, हा माझा शेवट त्याला पटला नाही. “ज्याला मूलदेव माहीत नाही त्याला उत्तर बरोबर आलंय हे कशावरून कळणार? माहीत आहे त्याला मजा, बाकीच्यांना भिंत.”

१५ जुलै

दोन दिवस मन खट्टू होतं. चौघांपैकी तिघे अडले ते लिपीच्या कठीणपणामुळे नाही. लिपी तर पोरासोरांना जमेल अशी. पाय ठेवायला जागा नव्हती आणि पाय बरोबर पडला तरी तसं कळत नव्हतं. तेव्हा क्लू सोपे करायचे नाहीत. वरचा डावा कोपरा पूर्ण मोडायचा आणि तिथे पायरी बांधायची.

काढून टाकलं: मामा, सल, गाल (तिन्ही त्या कोपऱ्यातून), षटकार (कुठूनही). षटकार काढताना जिवावर आलं, कारण ‘ष’ने सुरू होणारा इतका ओळखीचा दुसरा शब्द सापडत नाही. शीर्षक ‘गुप्त पोथी’ रद्द, नुसतं ‘आडवं सरळ’ केलं.

२० जुलै

कोपरा जमला. रात्री उशिरापर्यंत बसून जमवला, पण असा जमेल असं वाटलं नव्हतं. सविस्तर देते, कारण अशी रचना करू पाहणाऱ्याला हाच भाग लागेल.

आडवे तीन:

पहिली ओळ: ‘विड्याला लागते ते आणि नांगरतात ते, मिळून धरण (४)’. पान + शेत, पानशेत.

दुसरी ओळ: ‘आधी वेड लागते, मग पाठीवर उठतो, आंदोलन म्हटले की एवढे सोसायचे (४)’. चळ + वळ, चळवळ.

तिसरी ओळ, दुसऱ्या रकान्यापासून: ‘मुलांनी आमटीत घालायला चसालाम मागितला (३)’. च-च्या भाषेतला मसाला (पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, त्याच्या जागी ‘च’).

उभे चार, वरच्या ओळीतूनच सुटणारे:

‘बघता टवटवीत वाटते त्यात वाढून घ्या (२)’. बघ-ता ट-वटवीत, म्हणजे ताट. लिहायचं पाच.

‘कमळाचे डोके उडवले की उरते ती घाण (२)’. मळ. लिहायचं नळ.

‘घाबरू नये व लाजू नये, पैठणी घ्यायला इथेच यावे (३)’. न-ये व ला-जू, येवला. लिहायचं शेवसा.

‘२४ सेकंदांत धूम ठोक (२)’. पळ, कारण साठ पळांची घटिका म्हणजे आपली २४ मिनिटं. लिहायचं तळ.

आता सोडवणाऱ्याच्या बाजूने पाहा. पानशेत लिहिलं, चळवळ लिहिलं, दोन्हीबद्दल शंका नाही. येवला सुटलं, तेही नक्की. पण पहिल्या घरात ‘शे’ बसलाय आणि शेवटी मसाल्याचा ‘सा’. पैठणीचं गाव ‘शेवसा’ असू शकत नाही, आणि पानशेतही हलत नाही. इथेच माणूस थांबतो आणि स्वतःवर नाही, तर कोड्यावर संशय घेतो. मग ताट पाहतो: ता तिथे पा, ट तिथे च. पळ पाहतो: प तिथे त. म्हणजे एकीकडे त चा प झाला, दुसरीकडे प चा त. अदलाबदल दोन्ही बाजूंनी आहे, हे त्याच एका ओळीच्या दोन टोकांना सिद्ध होतं. ळ आणि व बदलत नाहीत, हेही दिसतं. दहांपैकी पाच जोड्या (त–प, न–म, य–श, च–ट, ल–स) एका कोपऱ्यात हातात.

पाच आणि नळ आणि तळ हे बदलूनही खरे शब्द राहिलेच आहेत. पण त्यांच्या मधोमध शेवसा उभा आहे, तेवढा पुरे.

तिसऱ्या ओळीच्या वर जाड रेघा द्याव्या लागल्या, कारण नळ आणि तळ दुसऱ्या ओळीत संपतात. काळे चौकोन काढून सगळी चौकटच जाड रेघांची केली. पुन्हा आखायला एक दिवस.

२७ जुलै

शेवट बदलला. रंगवलेली घरं काढली. त्याऐवजी चौकटीखाली एक ओळ: ‘आपले नाव उभे समजून इथे आडवे लिहा.’ म्हणजे सोडवणाऱ्याने स्वतःचं नाव मूलदेवीयातून बदलून द्यायचं. बाहेरचं काही माहीत असायला नको, आणि लिपी खरंच कळली आहे का तेही तपासता येतं. मूलदेवाची गोष्ट उत्तरपत्रिकेत मागच्या बाजूला सांगेन.

सूचनाही उघड केली: ‘आडवे शब्द जसेच्या तसे लिहा. उभे शब्द लिहिण्यापूर्वी बदलतात, सगळे एकाच रीतीने.’ यावर मुलगा म्हणाला की यात सगळंच सांगून टाकलं. मला तसं वाटत नाही. कुठे बदल आहे ते सांगितलं, काय बदल आहे ते नाही. कुठे शोधायचं हेच माहीत नसणं हा वाया गेलेला वेळ आहे, त्यात डोकं चालत नाही, नुसतं आपटतं.

३ ऑगस्ट

नवा मसुदा नव्या लोकांना दिला, कारण जुने चौघे आता तयार झाले आहेत. वाचनालयात रविवारी टेबलाशी बसवून सोडवून घेतला आणि मध्ये बोलायचं नाही असं स्वतःला बजावलं. पाहिलेलं लिहिते.

सगळ्यांनी पानशेत आधी भरलं. एका आजोबांनी लिहिता लिहिता शेजाऱ्याला १२ जुलै १९६१ ची सकाळ सांगायला सुरुवात केली, धरण फुटलं तेव्हा ते शाळेत होते. त्यांचं कोडं तिथेच राहिलं आणि टेबलावरच्या कोणालाही त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

‘चसालाम’वर साठीच्या बायका लगेच हसल्या. कॉलेजातल्या दोघींना च-ची भाषा ठाऊकच नव्हती. त्यांना आडव्याचं पहिलं घर येईना, मग त्यांनी येवल्याकडून उलटं येऊन ‘सा’ काढला. म्हणजे लिपी त्यांना आधी सापडली आणि मसाला नंतर. असा रस्ता मी आखला नव्हता, पण चौकट तो देते हे पाहून फार बरं वाटलं.

शेवसापाशी जवळजवळ प्रत्येक जण थांबला. एका ताईंनी पेन्सिल खाली ठेवून वर पाहिलं, म्हणाल्या, “पानशेत चूक असूच शकत नाही.” आणि मग खाली वाकून समासात त–प लिहिलं. याच क्षणासाठी सगळा खटाटोप होता.

दोष निघाले तेही नोंदवते. ‘राग’चं ‘षाख’ झालेलं दोघांनी ‘शाख’ लिहिलं, त्यामुळे त्यांच्या तक्त्यात र–श आली आणि य–श शी भांडण लागलं. क्लूत फेरफार करून उपयोग नाही. ‘भाषा’ आडवा पक्का आहे, तरी हात ‘श’ लिहितो. शेजारी आणखी एक ष–र छेद द्यायला हवा. दुसरं, क–अ जोडी एकाच ठिकाणी येते, ‘अकोला’ आडव्यावर ‘कमळ’ उभा (अनळ). एकाच ठिकाणी आलेली जोडी तपासता येत नाही, हे एका काकांनी बरोबर दाखवलं. आणि कमळ हा शब्द मळच्या क्लूतही आहे, हे टेबलावर बसलेल्या कोणीच सांगितलं नाही, मला घरी आल्यावर दिसलं. तो बदलायचा.

१० ऑगस्ट

‘कमळ’ गेला, ‘कवड’ आला, दह्याच्या कवडीतला नव्हे, ताज्या खोबऱ्याचा. (अवड.) क–अ साठी दुसरी जागा मिळाली: आडवा ‘अमर’, उभा ‘कस’ (अल). ष–र चा दुसरा छेद मात्र अजून बसत नाही. ‘उषा’ आडवा घेतला की खालचा कोपरा मोडतो. तीन रचना खोडल्या. शेवटी ‘षाख’च्या क्लूशेजारी ‘नीट बघून लिहा’ असं छापायचं ठरलं. मला ते आवडलेलं नाही; क्लूबाहेर बोलणं हे चौकटीचं काम चौकटीबाहेर करणं आहे. पण गणेशोत्सव २७ तारखेला सुरू होतोय आणि छपाईला द्यायचं आहे.

आतापर्यंतचा खर्च: झेरॉक्स, टपाल, वह्या, मोठ्या आकाराचा एक रंगीत प्रिंट मिळून साडेपाचशेच्या आत. वेळ कोणी मोजला तर मात्र पूर्ण पावसाळा.

३० ऑगस्ट

कोडं लागलं, वाचनालयाच्या दारातच. पहिल्या दिवसांत आलेल्या उत्तरांत नाव लिहायची ओळ सगळ्यात आधी वाचते आहे. सीमाताईंनी ‘लीना’ लिहून पुढे आणखी एकदा बदलून ‘सीमा’ लिहिलं आहे, पडताळा म्हणून. एका मीनाची ‘नीमा’ झाली. एका पत्रात नाव न बदलताच लिहिलं आहे, पण चौकट पूर्ण बरोबर. त्यांना सूचनेतलं ‘उभे समजून’ कळलं नसावं. ते उत्तर मी बरोबर धरलं.

बाईंनी रत्नागिरीहून नव्या मसुद्याची प्रत मागवून घेतली होती. त्यांचं टपाल आज आलं. चौकट अचूक. समासात जोड्या, आणि ज्या ञ–ण, घ–ङ चौकटीत नाहीतच त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. खाली लिहिलंय, “आता मामांना मामाच राहू दिलंस ते बरं. पण वहीतल्या त्या जोड्या वाया घालवू नकोस.” पुढच्या कोड्यात सगळे उभे शब्द बदलूनही खरेच राहतील आणि प्रत्येकाला दोन क्लू असतील, एक आधीच्या रूपाचा, एक नंतरच्या, असं करून बघायचं आहे. मामा–नानापासून सुरुवात. उत्तरपत्रिका अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, लावणार.